इटालियन गाडीची पाठवणी

वहिनींना सगळे वहिनीच म्हणत, सोफ्याच्या कारखान्यातले कारागीरसुद्धा. तिथे त्या कापड बेतायच्या, शिवायच्या, आणि ड्रायव्हरने दांडी मारली की डिलिव्हरीचा टेम्पोही घेऊन जायच्या. चिंचोळ्या गल्लीतून टेम्पो उलटा काढायचा तर कारखान्यात त्यांच्याइतका निर्धास्त हात दुसरा नव्हता. घरी मात्र त्यांना गाडी येते हे कुणी हिशेबातच धरत नसे.

घरची गाडी इटलीत बनलेली. दोन दारांची, फिकट निळी, वहिनींपेक्षा वयाने थोडीच लहान. नवऱ्याने ती एका बंद गोदामातून भंगारासारखी आणली आणि वर्षानुवर्षं खपून रस्त्यावर आणली. "मी उभी केली," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सीट वहिनींनी कारखान्यातलं उरलेलं चामडं आणून शिवल्या होत्या, पण सीट काय, कुणीही शिवतं. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की तो गाडीखाली आडवा व्हायचा आणि वहिनी स्टिअरिंगमागे बसून पेडल दाबायच्या. "दाब. धर. सोड." इंजिन बंद, गॅरेजचं दार बंद, काचेसमोर रंगाचे रिकामे डबे. चालकाच्या जागी बसणं ते एवढ्यापुरतं.

एकदा त्यांनी विचारलंही, "कोपऱ्यापर्यंत नेऊ का?"

"टेम्पो हाकणं वेगळं. हिला कान लागतो."

"मला काय कान नाहीत?"

"आहेत की. पण ऐकतेस कुठे?" आपल्याच विनोदावर तो संध्याकाळपर्यंत खूश होता.

पुढे त्याचा डावा गुडघा गेला. क्लच दाबायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आई आहे की." त्याच आठवड्यात त्याने गाडी विकायला काढली.

गिऱ्हाईक मिळालं ते शेजारच्या गावातला दातांचा डॉक्टर. तो न्यायला येतो म्हणाला. पण परक्या माणसाने आपल्यादेखत गिअर खरखरवावा, हे नवऱ्याला सोसणारं नव्हतं. ट्रकवर चढवणं म्हणजे तर त्याच्या मते जिवंतपणी तिरडीवर बांधणं. शेवटी चहाच्या कपात बघत तो म्हणाला, "तूच घे. निदान मी सांगेन तसं करशील."

निघताना तो सारखा बोलत होता. चोक अर्धाच ओढ. तेल तापेस्तोवर दुसरा गिअर दामटू नकोस. आरसा कशाला हलवलास? वहिनी हूं हूं करत होत्या. गावाबाहेर रस्ता टेकडीला लागला आणि इंजिन मोकळं झालं. टेम्पो वळणावर आधी कुरकुरतो, मग वळतो. ही मनात आलं की वळत होती. ते बारीक, गुळगुळीत चाक बोटांनी फिरत होतं, आणि चढावर तिसऱ्या गिअरात पायाखालून असा काही सूर चढत गेला की वहिनींना हसूच फुटलं. एवढी मजा असते यात. आणि हा माणूस दर रविवारी आपल्याला शेजारी बसवून ती एकटाच खात होता.

घाटमाथ्यावर नवरा अचानक म्हणाला, "थांब. बाजूला घे."

वहिनींनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"वळव. नाही विकत मी. फोन करून सांगतो त्याला."

वहिनींचा चाकावरचा हात आपोआप वळायला निघाला होता. तो थांबवून त्यांनी विचारलं, "परत नेऊन चालवणार कोण?"

"म्हणजे? माझा गुडघा काय जन्मभर असाच राहणार आहे?"

"आणि तोवर?"

"तोवर राहील झाकून. तू इंजिन चालू करत जा मधूनमधून, बॅटरी उतरायला नको. गॅरेजमध्येच."

वहिनींनी आरशात मागचा रस्ता बघितला. तो पूर्ण मोकळा होता, गाडी एका दमात वळली असती. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि उतार धरला.

"अगं, वळव म्हटलं ना. ऐकू येतंय का?"

"येतंय."

उतारभर तो कधी चिडून, कधी समजुतीने बोलत राहिला. वहिनींनी एकही वळण घाईने घेतलं नाही. वाट संपूच नये असं वाटत होतं, आणि गाडी परत न्यायची नाही हेही पक्कं होतं.

दातांचा डॉक्टर फाटकातच उभा होता. "वहिनी, तुम्ही आणलीत? कशी काय चालली?"

"तिला काय, टेम्पोची सवय," नवरा दार धरून उतरत म्हणाला. "गाडी एकहाती आहे बरं का. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही मी."

वहिनींनी किल्ली डॉक्टरच्या हातावर ठेवली. "तुमच्या बायकोला येते का चालवायला?"

"येते, पण ही जुनी गाडी तिला..."

"द्या तिला," वहिनी म्हणाल्या. "आणि बसथांबा कुठल्या बाजूला, तेवढं सांगा."