मिसेस हॉलंड आणि अथेन्सच्या चिठ्ठ्या

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत नेहा वानखेडे तिसऱ्यांदा गुलाम झाली.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, सनीव्हेलमधली. शाळांसाठी सीडी-रॉम काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी लीड प्रोग्रामर होतो. आमचा गेम प्राचीन अथेन्सच्या लोकसभेचा होता. अख्खा वर्ग एकदम खेळायचा. शिक्षिका आपल्या मशीनवरून गेम सुरू करायची आणि कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटायचा. एक अध्यक्ष, एक गुलाम, दोनतीन परदेशी व्यापारी, बाकी नागरिक. मग जहाजं बांधायची का, लढाईला जायचं का, यावर चर्चा आणि मतदान.

चिठ्ठ्या ही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हती. अथेन्समध्ये बहुतेक अधिकारी आणि न्यायसभेचे पंच चिठ्ठीनेच निवडत. निवडणुकीत पैसेवाले आणि गोड बोलणारेच पुढे येतात, असं त्यांना वाटे. एका उभ्या दगडाला खाचांच्या ओळी असत. त्यात नागरिकांच्या नावाच्या पट्ट्या खोचायच्या आणि बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडायचे. पांढरा पडला तर ती ओळ कामावर, काळा पडला तर घरी.

हे सगळं मला मिसेस हॉलंडनी शिकवलं. त्या त्याच शाळेत इतिहास शिकवायच्या आणि आमच्या सल्लागारही होत्या. बुटाच्या खोक्याला खाचा पाडून, त्यात मणी सोडून त्यांनी ते यंत्र मला माझ्या क्युबिकलमध्ये चालवून दाखवलं होतं.

"आणि सभेत कोणाला बोलता येत नसे?" मी विचारलं.

"बायकांना, गुलामांना, परदेशी लोकांना. परदेशी माणूस पिढ्यान् पिढ्या तिथे राहिला, कर भरला, तरी नाही. शिवाय त्याला कोणी तरी नागरिक पाठीराखा दाखवावा लागे."

"म्हणजे मी," मी म्हणालो. "माझा पाठीराखा ही कंपनी." माझं ग्रीन कार्ड कंपनीने फाइल केलेलं होतं.

त्या खूप हसल्या. मग मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगितलं. ते शाळेत वर्गाबाहेर व्हरांड्यात बसून शिकले. आमच्या जातीच्या मुलांना आत घेत नसत. उत्तर येत असायचं, पण बाहेरच्याला प्रश्नच विचारत नसत. मिसेस हॉलंडनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी आमच्या मॅनेजरला, केनला, सांगितलं की गेममध्ये गुलामाची भूमिका हवी.

"पालक बोंब मारतील," केन म्हणाला.

"मारू देत. ज्यांना बोलता येत नव्हतं ते दिसलेच नाहीत, तर मुलं शिकणार काय?"

म्हणून गुलामाच्या स्क्रीनवर 'बोला' हे बटण करडं ठेवलं. दाबलं तरी काही होत नसे. गुलामाचं काम एकच, लाल रंगात बुडवलेला दोर धरून बाजारात रेंगाळणाऱ्या नागरिकांना सभेकडे हाकलायचं. अथेन्समध्ये खरंच असं करत. ज्याच्या कपड्याला लाल लागेल त्याला दंड.

पहिल्या दिवशी नेहाला त्या दोराची मजा वाटली. मुलांचे कपडे लाल करत ती खिदळत होती. दुसऱ्या वेळी गप्प होती. आज ती करडं बटण दाबत राहिली, दाबत राहिली, आणि मग मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "काका, आय वॉन्ट टू टॉक टुडे."

मी पडद्यांवरून नजर फिरवली. अध्यक्षही तोच होता, पहिल्या मशीनवरचा मुलगा. सगळं वाटप जसंच्या तसं होतं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. कॉम्प्युटरची चिठ्ठी खरी चिठ्ठी नसते. तो एका आकड्यापासून सुरुवात करून पुढचे आकडे बनवत जातो. त्या पहिल्या आकड्याला सीड म्हणतात. सीड तोच ठेवला तर निकाल दर वेळी तोच. चाचणी करताना आम्ही तो मुद्दाम तोच ठेवतो, म्हणजे सापडलेली चूक पुन्हा करून बघता येते. शाळेत देण्याआधी तो घड्याळाला जोडायचा असतो. ते काम माझं होतं. मी विसरलो होतो. मुलं आडनावांच्या क्रमाने बसत. वानखेडेचं डब्ल्यू शेवटी, म्हणून नेहा कोपऱ्यातल्या शेवटच्या मशीनवर. आणि शेवटचं मशीन म्हणजे गुलाम.

बोलणाऱ्या मुलांपैकी कोणाला यात काही खटकलं नव्हतं.

तेवढ्यात नेहाला न्यायला तिचा बाप आला. प्रकाश नागपूरचा, माझ्यासारखाच. बाबासाहेबांच्या जयंतीला आम्ही सगळे जमायचो. मला तो दादा म्हणायचा. मुलीचा चेहरा पाहून त्याने कॉरिडॉरमध्येच मिसेस हॉलंडना गाठलं.

"माझीच मुलगी तीनदा? आणि तो गोरा मुलगा तीनदा अध्यक्ष?"

"मी कोणाला निवडत नाही, मिस्टर वानखेडे. कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकतो."

प्रकाश माझ्याकडे वळला. "दादा, तू लिहिलंय ना हे? तू सांग. खरंच चिठ्ठ्या आहेत?"

माझ्या एका बाजूला केन होता, तो त्या दिवशी गेम चालताना बघायला आला होता. दुसऱ्या बाजूला शाळांच्या खरेदी विभागाची बाई. आमची ऑर्डर तिच्या हातात होती. मिसेस हॉलंड माझ्याकडे अगदी निर्धास्तपणे बघत होत्या.

"हो," मी म्हणालो. "रँडम आहे."

मशीन प्रामाणिक, म्हणजे शिक्षिका खोटी, भूमिका तिनेच वाटल्या. प्रकाशने काढला तो अर्थ कोणीही काढला असता.

पार्किंग लॉटमध्ये मी केनला सांगितलं. "फिक्स कर," तो म्हणाला. "आणि सीड हा शब्द बाहेर कोणाला कळायची गरज नाही." मी फिक्स केलं. कोडची एकच ओळ होती. ऑर्डर मिळाली.

मिसेस हॉलंडनी आपल्या मुलीला मुद्दाम कोपऱ्यात बसवून गुलाम केलं, अशी प्रकाशने तक्रार केली. शाळेने त्यांच्याकडून वर्ग काढून घेतला आणि त्यांना लायब्ररीत बसवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्या शाळेत आल्याच नाहीत. पुढे माझं ग्रीन कार्ड आलं, सिटिझनशिपही आली. आता मी बोलू शकत होतो. बोललो नाही.

मागच्या वर्षी प्रकाशच्या किचनमध्ये बसून मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

"काहून सांगितलं नाही दादा तेव्हा?"

"ग्रीन कार्ड."

"माझ्याजवळ तरी कुठं होतं? मी भांडलोच ना." मग कप खाली ठेवून म्हणाला, "आणि भांडलो ते चुकीच्या माणसाशी. ऊठ, गाडी काढ."

मिसेस हॉलंड एका मोबाइल होम पार्कमध्ये राहतात. वॉकर घेऊन चालतात. त्यांनी आम्हाला बसवलं, आणि मी सीडपासून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "मी मुलांना आडनावाप्रमाणेच बसवलं होतं ना? नक्की?"

"नक्की. म्हणून ती शेवटी होती."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "मला आठवतच नव्हतं. इतकी वर्षं मी तो वर्ग डोळ्यांपुढे आणून बघते. वाटायचं, त्या मुलीला कोपऱ्यात मीच बसवलं असेन. स्वतःच्या नकळत. माणसं करतात तसं."

मला वाटत होतं, मी त्यांची नोकरी घालवली. मी त्यांचा स्वतःवरचा भरवसा घालवला होता.

प्रकाश उठून त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला. त्याला इंग्रजीत काही सुचेना. तो मराठीतच म्हणाला, "माफ करा बाई, लई चुकलं." त्यांनी त्याच्या पिकलेल्या केसांवरून हात फिरवला, आणि मग मलाही जवळ बोलावलं. जाताना आम्हाला लिंबांची पिशवी दिली. दारातल्या झाडाला म्हणे फार येतात.

खरं काय ते सांगायला शाळांच्या मुख्य कार्यालयातही मी जाऊन आलो. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे विचारलं, सीडी-रॉम म्हणजे काय? तिथे आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून इथे लिहितो. मिसेस हॉलंडनी कोणालाही निवडलं नव्हतं. चूक माझी होती, आणि खोटंही मीच बोललो.

नवे प्रोग्रामर भेटतात तेव्हा मी एवढंच सांगतो. चाचणी संपली की सीड बदला. आणि कोणी विचारलं, हे खरंच रँडम आहे का, तर शेजारी कोण उभं आहे हे न बघता उत्तर द्या.