उंबऱ्याशिवायचं दार

आमच्या ऑफिसात घराचे नकाशे करायचा जो प्रोग्राम होता, त्यात तयार दारं भरपूर होती, पण सगळी परदेशी. काचेची, गोल मुठीची, आणि खाली उंबरा म्हणून नाही. सुरतेत बंगला बांधणारा माणूस ते बघून तोंड वाकडं करायचा, "आ तो ओफिसनुं बारणुं छे," हे तर ऑफिसचं दार. म्हणून शेठनं मला बसवलं, आपली दारं तू बनव. त्या ऑफिसात कॉम्प्युटर शिकलेली मी एकटीच. चौकट, दोन झडपा, कडी-कोयंडा, वर गणपती, खाली उंबरा, सगळं रेघ न् रेघ ओढून मी केलं. लोकांना माझी दारं आवडायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्याच वर्षी वडिलांना अर्धांगवायू झाला. उधन्याच्या कापडाच्या लूमवरची त्यांची नोकरी सुटली. भिंत धरून डावा पाय ओढत ते दारापर्यंत यायचे आणि तिथंच अडायचे. गटाराचं पाणी आत येऊ नये म्हणून आमचा उंबरा चांगला वीतभर उंच होता. बाहेर ओट्यावर त्यांचे अमळनेरकडचे सोबती गप्पा हाणत बसायचे आणि हे आतून ऐकायचे. एकदा जोर करून पाय टाकला तर तोंडावर पडले. ओठ फुटला.

मी म्हटलं, "कापून टाकू तो उंबरा. लाकूडच तर आहे!"

आई रोज सकाळी त्याला हळदकुंकू लावायची, म्हणून ती नाही म्हणणार हे मला माहीत होतं. पण ती वेगळंच बोलली. "आज कापला, आणि उद्या ते पाय उचलायला लागले तर?"

कप्पाळ माझं! पाय आता असाच राहणार, असं डॉक्टरनं आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. आईनं ते ऐकूनच घेतलं नव्हतं.

त्यानंतर मला काही वाटेनासंच झालं. राग नाही, रडू नाही. सकाळी डबा, रिक्षा, दिवसभर दारं, संध्याकाळी परत रिक्षा. एक दिवस शेठ माझ्या पडद्याकडे बोट दाखवून ओरडले, "अरे बेन, उंबरो क्यां गयो?" बघते तर अख्ख्या बंगल्याच्या एकाही दाराला उंबरा नाही. माझ्याच हातांनी पुसून टाकलेले, आणि मला पत्ता नाही. मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही. एकेक परत बसवत गेले.

पुढच्या रविवारी वडील पुन्हा पडले. या वेळी आई उठली आणि गल्लीतल्या सुताराला घेऊन आली. उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, डोकं टेकवलं आणि सुताराला म्हणाली, "चालव करवत." वडील खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. करवत थांबली तेव्हा ते तसेच, न वळता म्हणाले, "म्हंजे, ठरनं तर."

सुतार भुसा झाडून निघून गेला.

बऱ्याच वेळानं ते उठले. भिंत धरत दारापर्यंत आले आणि सवयीनं थांबले. खाली सगळं सपाट, तरी ते पाय उचलायलाच बघत होते. मांडी थरथरत होती, पाऊल काही सुटेना. आईनं त्यांचा दंड धरला. "आते तठे काहीच नही," ती म्हणाली. "पाय ओढा नुसता."

त्यांनी ओढला. ओट्यावरच्या सोबत्यांनी सरकून जागा केली. आई दारातच हंबरडा फोडून रडायला लागली, आणि अशा वेळी आईच्या पाठीवर हात ठेवायचा असतो हेसुद्धा मला सुचलं नाही.