देवश्रीचे बर्फाचे टायर

रामकृष्ण पिंपळकरांच्या पायांना कधी चैन नव्हतं. सारी नोकरी रेल्वेच्या वॅगन कारखान्यात चाकं तपासण्यात गेली. रिटायर झाल्यावर रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरात तपासायला उरले ते नळ, कुलपं, गच्चीवरची टाकी आणि दारातली जुनी मारुती. ते सगळं पाहून झालं की उरलेली काळजी फोनवरून समुद्रापार जायची, मुलीकडे.

देवश्री कॅनडात विनिपेगला होती. लग्नानंतर शेखरबरोबर गेली आणि तिथंच एका इस्पितळात कामाला लागली. पहिल्याच वर्षी तिनं बोलता बोलता सांगितलं, की इथं थंडीत गाडीला वेगळे टायर लावावे लागतात. नेहमीच्या टायरचं रबर गारठ्यानं कडक होतं आणि बर्फावर पकड सुटते; थंडीच्या टायरचं रबर मऊ, खाचा खोल. मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं अशा गावचे रामकृष्ण. त्यांना हे पचायला वेळ लागला. पण एकदा पचल्यावर दरवर्षी दिवाळी सरली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"टायर बदलले काय?"

"हव बाबा, शेखरने कर दिया."

एवढं ऐकलं की त्यांना बरं वाटायचं. एका वर्षी मात्र उत्तर वेगळं आलं. "हो जाएगा बाबा, घाई नाही." पुढच्या आठवड्यातही तेच. आणि विनिपेगचा पारा तर रोज खाली चाललेला! रामकृष्ण सकाळी उठून आधी मोबाइलवर तो पारा पाहत, मग चहा पीत. सदर बाजाराच्या तोंडाशी गंगाधरचं पंक्चरचं दुकान होतं, तिथं जाऊन त्यांनी विचारलं, की बर्फात टायरमधली हवा कमी होते काय.

गंगाधर हसला. "काकाजी, आपल्याकडे बर्फ फक्त रसाच्या गाडीवर. मले काय माहीत?"

घरी येऊन त्यांनी बायकोला, वनमालाबाईंना, तेच विचारलं. "शेखर काहून एवढा ढिला पडला म्हणतो मी? एक फोन त्यालेच लावतो."

"काही लावू नका," वनमालाबाई पटकन म्हणाल्या. "त्याइची गाडी, त्याइचे टायर. बसा जरा."

ते बसले, पण पाय हलतच राहिला.

शनिवारी दिवेलागणीला देवश्रीचाच व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. टोपीखाली तिचं नाक लाल झालं होतं आणि मागे गाडी, तिच्याजवळ एक बारका जॅक आणि भिंतीला टेकवलेले चार टायर.

"बाबा, तीन चाकं झाली. चौथ्याचा एक नट निघतच नाहीये."

"शेखरले दे फोन."

"वो नहीं है."

"कुठं गेला?"

"बाबा, पहले नट."

रामकृष्ण उठून उभेच राहिले. "गाडी जॅकवर आहे काय? खाली घे आधी. चाक जमिनीवर टेकलं पाहिजे, मग नट ढिला करायचा."

"खालीच आहे."

"हँडब्रेक? दुसऱ्या चाकाले वीट?"

"लावलाय. यहाँ ईंट कहाँ, लकडी लगाई है."

"मग पान्ह्याले लांब पाइप लाव आणि वरून पाय दे. थांब, दाखवतो." फोन त्यांनी वनमालाबाईंच्या हातात दिला, दारात जाऊन डिकीतून पान्हा काढला, मारुतीच्या चाकाला लावून वर पाय ठेवला. पान्हा सटकला आणि नडगीवर बसला. "आई गं!" तिकडे देवश्री हसायला लागली, हसता हसता तिनं पाइपवर सगळा भार टाकला, आणि कट्ट करून नट सुटला. तो आवाज ऐकून रामकृष्णांना नडगीची आठवणही राहिली नाही.

"आता आट्यांले जरा ग्रीस लाव."

"नाही बाबा. दुकानवाल्यानं मना किया है. तेल-ग्रीस लावलं की नट गरजेपेक्षा जास्त कसला जातो. नुसता ब्रश मारायचा."

"आम्ही वॅगनले..."

"ये वॅगन नहीं है, बाबा."

 तिनं टायरवरचा फिरण्याची दिशा दाखवणारा बाण पाहून चाक बसवलं, मग एकाआड एक, समोरासमोरचे नट कसत आणले. हात चांगला सफाईनं चालत होता. सगळं झाल्यावर रामकृष्णांनी पुन्हा विचारलं, "शेखर कुठं आहे?"

ती चिंधीनं बोटं पुसत राहिली. "कॅलगरीला. मार्चपासून. तिकडं नोकरी घेतली त्यानं. वापस नहीं आएगा, बाबा. आम्ही वेगळे झालो." मग घाईनं म्हणाली, "ड्यूटीला उशीर होतोय. उद्या फोन करते. सगळं सांगते."

फोन बंद झाला. वनमालाबाईंच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता, नुसता थकवा होता.

"तुले माहीत होतं."

"हव. एप्रिलपासून."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तिनंच थांबवलं. म्हणे, बाबाले मीच सांगीन, जरा सावरू दे. अन् तुम्हाले सांगितलं असतं तर तुम्ही तिले सावरू दिलं असतं काय? दिवसभर फोन करून राहिले असते."

रामकृष्णांनी चपला घातल्या आणि निघाले. पुरानी बस्तीच्या गल्ल्यांत शिरले, एका देवळापाशी आरती चालू होती, तिथं उभे राहिले, तिथंही मन लागेना, पुन्हा चालू लागले. आधी शेखरचा राग आला, मग वनमालेचा. जरा पुढं गेल्यावर वाटलं, एवढे महिने पोट्टी एकटी होती आणि आपण तिला रबराबद्दल विचारत होतो. तिच्याबद्दल एकदाही नाही. त्या विचारापासून लांब जावं म्हणून ते भराभर चालले, पण तो सोबतच आला.

दुसऱ्या दिवशी देवश्रीनं खरंच फोन केला आणि सगळं सांगितलं. भांडण मोठं नव्हतं; दोघांनी एकमेकांशी बोलणंच सोडून दिलं होतं, आणि एक दिवस तो गेला.  सांगता सांगता ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चालून राहिले काय? कॅमेरा हलतोय."

"नाही, नाही. बोल तू."

पुढच्या उन्हाळ्यात ती रायपूरला आली. निघण्याआधी थंडीचे टायर एकटीनं उतरवून, धुऊन, सावलीत रचून आली होती. एके सकाळी तिनं मारुती काढली आणि दोघांना घेऊन शहराबाहेर नव्यानं वसवत असलेल्या राजधानीच्या बाजूला गेली. रस्ते रुंद, इमारती अर्ध्या, माणूस क्वचित. शेजारी बसलेले रामकृष्ण दर वळणावर पायाखालची जागा दाबत होते, तिथं ब्रेक नव्हता तरी.

"डावीकडून! डावीकडून!"

"बाबा, डावीकडेच आहे मी."

बऱ्याच दिवसांपासून मनात घोळवलेलं वाक्य त्यांनी अखेर बोलून टाकलं. "इथंच राहा ना, बेटा. आता इथंही मोठी इस्पितळं झाली."

मागच्या सीटवरून वनमालाबाई पुढं वाकल्या.

"नाही बाबा," देवश्री रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "माझं काम तिथं आहे. मला तिथं आवडतं. अकेली हूँ, पर ठीक हूँ."

रामकृष्णांनी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. गरम वारा आत आला. पुढचा चौक आला.

"मग एक जॅक चांगला घे तिथं," ते म्हणाले. "तो तुझा मले काही पटला नाही."

"घेते," ती म्हणाली, आणि गाडी वळवली.