खाली भात कुनाचा?

खाडीचं पाणी आपल्याला विचारल्याशिवाय बोटभरसुद्धा वर चढत नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी या जगात एकच पाहिला, आणि दैवाची लीला अशी की तो नेमका माझा सासरा निघाला. कळव्याच्या बाजूला, खाडीच्या काठी त्यांचं गाव. गाव आणि खाडी यांच्या मध्ये मातीचा लांबलचक बांध. बांधाच्या आत भातशेती, बाहेर खारं पाणी. हा बांध गावाने मिळून राखायचा आणि राखणाऱ्यांचे म्होरके आमचे सासरे. या म्होरकेपणाला पगार नव्हता, पागोटं नव्हतं. वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, बांधाला पहिला नारळ देण्याचा मान तेवढा होता. पण हा माणूस त्या मानावर वर्षभर ताठ मानेने जगत असे. बांधावर ते कधी चप्पल घालून चालले नाहीत. बांध लागला की चपला हातात. पाहुणा आला तर त्यालाही चपला काढायला लावत, मग तो तलाठी असो की व्याही.

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोहे खाऊन होण्याआधीच त्यांनी मला बांधावर नेलं आणि चिखलाने भरलेलं घमेलं माझ्या डोक्यावर दिलं. आम्ही मानपाड्याचे. आमची शेती उंचावरची, खारं पाणी आम्हाला फक्त आमटीत ठाऊक. त्यातून मी मॅट्रिक होऊन ठाण्याच्या कचेरीत चिकटलेला. घमेल्यासकट माझी जी काही वरात निघाली ती पाहून सासऱ्यांनी निकाल दिला, ''हाताचं काय खरं नाय. पाय बरं हाईत.'' एवढ्या भांडवलावर माझं लग्न जमलं.

त्या लग्नातच मला गावचा कायदा कळला. बांधाला भगदाड पडलं तर तिथे म्हणतात 'खांड गेली'. ही आरोळी कानावर आली की ज्याने ऐकली त्याने असेल तिथून उठायचं, हातातला घास ताटात टाकायचा आणि बांधाकडे धावायचं. भांडण असो, आजारपण असो, सुटका नाही. धवलारीण बायका मांडवात लग्नाची गाणी म्हणत होत्या, अंतरपाट धरलेला होता, आणि कुणीतरी लांबून ओरडलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत नवरीकडची सगळी माणसं चपला हातात घेऊन पसार! मांडवात उरलो आम्ही वऱ्हाडी, वाजंत्री आणि गाणाऱ्या बायका. आमचे वडील चिडून म्हणाले, ''अरे, ही सोयरीक आहे की पळापळ?'' तासाभराने सासरे गुडघ्यापर्यंत चिखलात माखून परत आले, तसेच पाटावर बसले आणि म्हणाले, ''हां, चालू करा.''

बांधाखालोखाल त्यांचा जीव विमानांवर होता. युद्धाच्या काळात कल्याणकडच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं त्यांच्या गावावरून जात. गावची माणसं घाबरून घरात शिरत आणि सासरे बांधावर उभे राहून डोक्यावरचा टॉवेल हलवत. त्यांची ठाम समजूत होती की साहेबाला वाट सापडते ती आपल्या बांधामुळे. ''आमचा बांद दिसला का साएब वलतंय. बांद नसता त कल्यान सोरून पार पुन्याला गेला आसता,'' असं ते मला पुनःपुन्हा सांगत. युद्ध संपून दहा वर्षं होऊन गेली तरी एखादं विमान गेलं की ते आधी बांधाकडे पाहत आणि मग वर. बांध नीट दिसतोय ना, याची खात्री करून घेत असावेत.

म्हणूनच ठाण्याच्या थिएटरात मॅटिनीला युद्धातल्या विमानांचा तो गाजलेला इंग्रजी सिनेमा लागला, तेव्हा मला पहिली आठवण सासऱ्यांची झाली. वैमानिकांची एक तुकडी जिवावर उदार होऊन शत्रूच्या मुलखात बॉम्ब टाकून येते, एवढंच मला कचेरीत कुणी सांगितलं होतं. मी उत्साहाने सासुरवाडीच्या झाडून साऱ्या पुरुषांना आमंत्रण दिलं. रविवार होता आणि आषाढातली अमावास्या होती, म्हणजे सिनेमानंतर सासूबाईंच्या हातचं कोंबडीचं जेवण ठरलेलंच. अमावास्येला भरदुपारी खाडीला उधाण येतं, हे माझ्या गावीही नव्हतं. सासऱ्यांच्या मात्र होतं. उधाणाच्या दिवशी हा माणूस उभ्या आयुष्यात बांध सोडून गेला नव्हता, आणि शेतात नुकती लावणी झालेली. पण जावयाचा शब्द मोडायचा कसा? त्यांनी आपल्या चुलतभावाला बांधावर बसवायचं ठरवलं, त्याला चार वेळा बजावलं आणि धुतलेला सदरा घालून ते थिएटरात आले.

सुरुवातीला रंगात होते. पडद्यावरचे साहेब कामाला निघण्याआधी चहा पीत होते, ते त्यांना फार आवडलं. विमानं पाण्याला लागून उडू लागली तेव्हा तर त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. ''बग, बग! किती खाली आणलाय!'' पुढच्या रांगेतले एक कोटवाले गृहस्थ मागे वळून ''शूऽऽ'' म्हणाले. सासऱ्यांनी त्यांनाही मोठ्या प्रेमाने सांगितलं, ''आमच्या गावावरून अशीच जायाची.''

मग पडद्यावर धरण आलं. उंच भिंत आणि तिच्या मागे काठोकाठ पाणी. पहिला बॉम्ब पडला, पाणी उसळलं, आणि सासरे खुर्चीत पुढे सरकले.

''ह्यो बांद कुनाचा?'' त्यांनी विचारलं.

''शत्रूचा,'' मी म्हणालो.

''शत्रूचा आसंल. खाली भात कुनाचा?''

सगळं थिएटर श्वास रोखून विमानांच्या बाजूला बसलं होतं. सासरे एकटेच भिंतीच्या बाजूला होते. दर बॉम्बला ते खुर्चीचा हात आवळत आणि पुटपुटत, ''धर, धर, सोरू नको.'' शेवटी भिंत तडकली, मधोमध फुटली आणि पाणी कोसळलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि त्या कडकडाटावर ताण करून सासऱ्यांची आरोळी उठली,

''खांड गेली! धावा रं!''

पुढे जे झालं ते सांगितलं तर कुणाला पटत नाही. अख्खी सासुरवाडी उभी राहिली. हा सिनेमा आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नसेल असं नाही, पण कायदा म्हणजे कायदा. आणि सगळ्यांच्या पुढे, पहिल्या बाकावरून, शेंगांची पुडी उडवत उठलेली मूर्ती होती सासऱ्यांच्या चुलतभावाची! ज्याला बांधावर बसवलं होतं तोच हा.

''तू हितं? मंग बांदावर कोन हाय?''

''जावयानं बोलवलं, नाय कसा बोलू?'' तो काकुळतीला येऊन म्हणाला.

सासऱ्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. पडद्यावरचं पाणी आता त्यांच्या डोळ्यांपुढे खरंखुरं त्यांच्या भातात शिरलं होतं. आम्ही चपला हातात घेतल्या आणि निघालो. ठाण्याच्या भर बाजारातून, कळव्याच्या पुलावरून, ती सगळी माणसं अनवाणी धावत होती आणि त्यांच्या मागे शर्ट-पँटीतला मीही. पुलाखाली खाडी तुडुंब फुगलेली होती. तिच्याकडे पाहायचा धीर कुणाला नव्हता.

बांध जागेवर होता. लाटा वरच्या काठाला चाटत होत्या, पण आत थेंब नव्हता. आणि बांधाच्या ऐन कच्च्या जागी, शेजारी चिखलाचं घमेलं घेऊन, कोपरापर्यंत हात माखलेल्या आमच्या सासूबाई बसल्या होत्या. दीर इस्त्रीचा सदरा घालून ठाण्याकडे निघालेला त्यांनी पाहिला होता. कुणाला काही न बोलता त्या चुलीवरची कोंबडी उतरवून इथे येऊन बसल्या होत्या. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपायला लागलं होतं. ते बीळ त्यांनी एकटीने बुजवलं होतं.

धापा टाकणाऱ्या गावाकडे पाहून त्या म्हणाल्या, ''सपला सिनेमा? जेवान थंड जालं.''

सासऱ्यांनी बायकोचं घमेलं उचलून आपल्या डोक्यावर घेतलं आणि घरापर्यंत स्वतः वाहिलं. त्या काळात, त्या गावात, बायकोचं ओझं नवऱ्याच्या डोक्यावर! अशा घरातली मुलगी आपण केली, याचा अभिमान मला त्या दिवसापासून आजपर्यंत पुरला आहे.

त्यानंतर सासऱ्यांनी विमानांना टॉवेल हलवणं सोडलं. ''शिकलेली मानसं. येवरी अक्कल लावली, ती फोरायला!'' असं म्हणून ते हळहळत. सिनेमाची गोष्ट मात्र ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि शेवटी न चुकता सासूबाईंकडे बोट दाखवत. पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर गाव बांधावर जमलं, तेव्हा मानाचा नारळ त्यांनी तिच्या हातात दिला. कुरकुर झाली. ते म्हणाले, ''त्या दिशी बांदावर कोन व्हता ते सांगा, त्याला देतंय.'' कुरकुर थांबली. तेव्हापासून नारळाचा मान सासूबाईंचा, आणि सासरे शेजारी बायकोच्या चपला हातात धरून उभे.

ते गेले त्याला आता बरेच दिवस झाले. परवा तोच सिनेमा पुन्हा ठाण्याला लागला. सौ. म्हणाली, ''बाबांचा सिनेमा आहे, मला दाखवा.'' तिने तो कधी पाहिलाच नव्हता. आम्ही गेलो. साहेबांनी चहा घेतला, विमानं पाण्याला लागून उडाली, लोक रंगले. भिंत फुटली, टाळ्या पडल्या, आणि मागून कुणीतरी ओरडलं, ''ओ बाई, खाली बसा ना!''

मी शेजारी पाहिलं. बाबांची लेक अंधारात ताठ उभी होती आणि तिच्या चपला तिच्या हातात होत्या.