फिरकीच्या तांब्यातला बर्फ

पनवेलात कोणाला लांबच्या प्रवासाला जायचं असलं, की ती मंडळी आधी आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडी यायची. काश्मीरला कोणत्या महिन्यात जावं, दार्जिलिंगला लोकरीचं काय काय न्यावं, गिरसप्प्याचा धबधबा कधी भरात असतो, हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, मी तिशी ओलांडली होती, आणि पुण्याच्या पलीकडे माझं पाऊल पडलेलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण विचारायला येणाऱ्यांना त्याचं काही वाटायचं नाही, मग मी तरी कशाला बोलून दाखवू?

माझी विद्या सगळी पत्रकांवरची. मुंबईच्या सरकारी प्रवास कचेरीला एक कार्ड टाकलं, की ते लोक रंगीत चित्रांची पत्रकं फुकट धाडायचे. पोस्टमन आमच्या ओट्यावर बसून आधी स्वतः बघून घ्यायचा, मग मला द्यायचा. त्यातल्या एका पत्रकावर रोहतांग खिंडीचं चित्र होतं. सगळीकडे बर्फ आणि मधोमध एक माणूस, तट्टाचा लगाम धरून चाललेला. मला तिथेच जायचं होतं. देवळं नकोत, बागा नकोत, होडीत बसून गाणी म्हणणं तर मुळीच नको. पायी चालत जायचं आणि बर्फात हात घालायचा, एवढंच. एका वहीत मी सगळा बेत लिहून काढला होता. पठाणकोटपर्यंत आगगाडी, पुढे मोटारीने मंडी, कुलू, मनाली. तिथून पायी. कुठे मुक्काम, कुठे पाणी, सामान वाहायला हमाल कुठे मिळतो, सगळं.

घरात मी आणि अप्पा. आई माझ्या लहानपणीच गेली. अप्पा मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले, स्वभावाने शांत, इतके शांत की माझ्यासारख्या तापट बाईला त्यांचा राग यावा. संध्याकाळी मी शाळेतून आले, चहा झाला, की ते रेल्वेचं वेळापत्रक घेऊन खुर्चीत बसायचे आणि मला प्रश्न घालायचे. दिल्लीहून निघालो, आता अंबाल्याला किती वाजता पोचू? गाडी चुकली तर पुढची कोणती? मी पोळ्या लाटता लाटता उत्तरं द्यायची. असे आम्ही दोघं कितीदा तरी पठाणकोटला जाऊन आलो. मात्र मी खरंच जायचं म्हटलं, की ते वेळापत्रक मिटून ठेवायचे आणि म्हणायचे, "सोबत मिळाली की जा."

त्यांचं नाही म्हणणं ते असं. बाईमाणसाने एकटीने इतक्या लांब जायचं हे त्या काळी बोलायचीही सोय नव्हती, हे मलाही कळत होतं. पण सोबत आणायची कुठून? शाळेतल्या एकीला मुलं, एकीला सासू, एकीला चातुर्मास. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, बर्फच बघायचा तर तो मुंबईच्या बंदरावर मासळीच्या पेट्यांत पुष्कळ असतो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. चरफडत घरी आले की अप्पा म्हणायचे, दुरून डोंगर साजरे. त्या वाक्याची मला इतकी चीड होती, की एकदा मी हातातलं लाटणं आपटलं.

मग शाळेत शिवणाच्या बाई आल्या. पेणच्या, बावीस-तेवीस वर्षांच्या, आमच्याच आळीत एक खोली घेऊन राहायच्या. पहिल्या महिन्यातच त्यांनी माझी वही वाचली आणि वर मान न करता म्हणाल्या, "मी येते तुमच्याबरोबर." मला खरं वाटेना. इतकी वर्षं जे मी दारोदार मागत होते, ते या पोरीने जेवायला येते म्हणावं तसं देऊन टाकलं.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात भरलेलं वर्ष. पायांना सवय व्हावी म्हणून आम्ही रविवारी कर्नाळ्याला जायचो. गोव्याच्या रस्त्याने जाणारी एस.टी. पायथ्याशी सोडायची, तिथून साड्या खोचून वर. वाटेत एक ठाकरीण फाट्यांची मोळी घेऊन उतरायची. पहिल्यांदा तिने आम्हाला अडवलं आणि विचारलं, वर तुमचं कोन हाय? कोणी नाही म्हटल्यावर ती मोळीसकट उभीच राहिली. "कोन नाय, तं कशाला जाता गं बायांनो?" आम्ही हसत सुटलो. उतरताना शिवणाच्या बाई तिची नक्कल करत राहिल्या.

अंथरूण-कपडे गुंडाळून न्यायचा होल्डॉल त्यांनी शिवला. अप्पांनी बाजारातून फिरकीचा तांब्या आणला, पितळेचा, झाकण फिरवून घट्ट बसणारा. प्रवासात पाणी सांडत नाही म्हणून लोक तोच नेत असत. अप्पा प्रवासाला आडवे आले नाहीत, उलट तांब्यात पाणी भरून, उपडा धरून, थेंब गळतो का ते दोन दिवस बघत होते. मे महिन्यात निघायचं ठरलं. मी दशम्यांना किती दूध लागेल त्याचा हिशेब करत होते, आणि फेब्रुवारीत शिवणाच्या बाईंचं लग्न ठरलं.

बाजारात तुरी, दुसरं काय. त्यांना दोष देऊन उपयोग नव्हता, पण मी दिला. मनातल्या मनात खूप दिला. वर त्यांची आई नसल्यामुळे पाठराखीण म्हणून त्यांनी मलाच नेलं. सासरी नव्या नवरीला एकटं वाटू नये म्हणून तिच्याबरोबर दोन दिवस जाऊन राहायचं ते काम. ज्या बाईने माझी सोबत करायची, तिची सोबत करायला मी अलिबागला गेले. तिथल्या माजघरात परक्या बायकांच्या रांगेत झोपताना मला इतकं एकटं वाटलं, की उठून चालत पनवेलला यावं. पण पाठराखिणीने कुठे जायचं असतं?

एप्रिलअखेर त्या आणि त्यांचे यजमान घरी आले. यजमान बँकेत होते, सज्जन होते, हसून बोलायचे. त्यांना दोघांना कुठेतरी जायचं होतं, आणि शिवणाच्या बाईंनी त्यांना वहीबद्दल सांगितलं होतं. मी वही दिली, होल्डॉलही दिला. नाही कसं म्हणणार? होल्डॉल तर त्यांनीच शिवलेला. अप्पांनी फळीवरचा तांब्या काढून दिला तेव्हा मात्र मी आत निघून गेले.

महिन्याभराने त्या परत आल्या. नाकाची सालं निघालेली, डोळे चमकत असलेले. वहीत लिहिलंय अगदी तसंच आहे सगळं, म्हणाल्या. वही आणि होल्डॉल परत दिले आणि तांब्या पुढे केला. काशीहून लोक गंगा आणतात ना, तसा माझ्यासाठी त्यांनी रोहतांगचा बर्फ आणला होता. खिंडीत स्वतःच्या हातांनी दाबदाबून भरला होता. बर्फ मनालीला पोचेपर्यंतच वितळला असणार, हे त्यांनाही ठाऊक होतं, तरी त्यांनी ते पाणी पठाणकोट, दिल्ली, मुंबई करत मांडीवर धरून आणलं. आज वाटतं, इतक्या मायेने मला कोणीच काही आणलं नव्हतं. त्या दिवशी मी रुक्षपणे ठेवा म्हटलं आणि चहा टाकायला गेले.

त्या गेल्यावर अप्पांनी फिरकी उघडली. तीर्थ घ्यावं तसं तळहातावर थोडं घेतलं, प्यायले, हात डोक्यावरून फिरवला. मी चहाचे कप विसळत होते.

"अगं, वर असताना किती गार असेल हे?"

"मला काय ठाऊक? मी कुठे गेले होते?"

मी हे अशा आवाजात म्हटलं, की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. तुम्हीच मला इथे बांधून ठेवलंत, असंही मी म्हणाले. मी तांब्या मोरीत ओतायला उचलला, तेव्हा अप्पांनी माझं मनगट धरलं. जन्मात त्यांनी मला असं धरलं नव्हतं. "ओतू नकोस. तू जाशील तेव्हा घेऊन जा, आणि जिथलं आहे तिथे ओत. मग मला येऊन सांग, किती गार होतं." त्यांनी तांब्या देवघरात, आत्याने दिलेल्या गंगेच्या गडूशेजारी ठेवला. त्या दिवशी आम्ही वेळापत्रक उघडलं नाही. पुढे उघडलं, पण मी उत्तरं तुटक द्यायची. माझा राग असाच, पटकन येतो आणि जाताना वाट विसरतो.

दोन वर्षांनी अप्पांची एक बाजू गेली. मग प्रवासाचं नावच नको. मी शाळा आणि घर, घर आणि शाळा करत राहिले. दुपारची सुट्टी झाली की धावत येऊन त्यांना भात भरवायचा आणि धावत परत जायचं. त्यांची वाचा गेली नव्हती, पण बोलणं अस्पष्ट झालं होतं. कधी कधी ते देवघराकडे बोट दाखवायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "गेलीस?" नाही अजून, मी म्हणायची. एवढंच आमचं संभाषण. आळीत माणसांना तोटा नव्हता, पण त्या खोलीत मी इतकी एकटी होते, की पोस्टमन आला तरी बरं वाटायचं. पत्रकं मी मागवणं बंद केलं होतं, तो इतरांची पत्रं दाखवून जायचा.

अप्पा गेले ते एका रविवारी दुपारी. श्वास लागला तेव्हा शेजारच्या काकू धावत आल्या आणि म्हणाल्या, गंगा आण, तोंडात गंगा घाल. मी देवघराशी गेले. कथलाचा डाख देऊन तोंड बंद केलेला गंगेचा गडू तिथे होता आणि शेजारी तांब्या होता. गोंधळून चूक झाली असं मी म्हणू शकले असते, पण तसं नव्हतं. मी तांब्या उचलला, फिरकी उघडली आणि पळीभर पाणी अप्पांच्या ओठांत सोडलं. काकूंनी हात जोडले. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं, असं मला वाटलं. ते गिळलं त्यांनी.

तेरावा झाला आणि घर रिकामं झालं. आता मला कोणी अडवणारं नव्हतं. "सोबत मिळाली की जा" असं म्हणणारंही कोणी नव्हतं. एकटा जीव सदाशिव, लोक म्हणायचे, आता काय, जावं कुठेही. ज्या मोकळेपणासाठी मी जन्मभर भांडले, तो हातात आला आणि त्याचं काय करावं ते कळेना. एक मे महिना असाच खिडकीत बसून गेला. दुसऱ्या मेमध्ये मी निघाले.

आळीत सगळ्यांनी विचारलं, सोबत कोण? शाळेतल्या एक बाई ठाण्याहून चढणार आहेत, असं मी ठोकून दिलं. काकूंना येते म्हटलं, कुलूप लावलं, होल्डॉल आणि तांब्या घेऊन एस.टी.त बसले. वहीतला प्रवास तसाच्या तसा झाला. गाड्यांच्या वेळा मात्र बदलल्या होत्या. अंबाल्याला गाडी थांबली तेव्हा मी सवयीने मान वळवली. शेजारी एक सरदारजी झोपले होते.

मनालीहून एका म्हाताऱ्या हमालाबरोबर दोन दिवस चालले. चाळिशी जवळ आलेली, कर्नाळ्याची सवय कधीच मोडलेली, दर शंभर पावलांवर दम खात होते. त्याने विचारलं, बाईजी, वर मंदिर तर नाही, मग कशाला? मला ठाकरीण आठवली. हसू आलं आणि बरोबर हसायला कोणी नाही म्हणून लगेच विरलं. खिंडीत पोचले. चित्रातल्यासारखंच होतं, फक्त वारा होता, तो चित्रात नव्हता. मी गुडघ्यांवर बसले आणि तांब्यातलं उरलेलं पाणी बर्फावर ओतलं. बोटभर खड्डा पडला. मग दोन्ही हात मनगटापर्यंत बर्फात घातले आणि सोसेनासं होईपर्यंत तसेच ठेवले. हमाल ओरडला तेव्हा काढले.

पनवेलला उतरले त्या दिवशी उकाडा मी म्हणत होता. आळीत दुपारची सामसूम होती. कुलूप काढलं, चप्पल काढली आणि रोजच्यासारखं तोंडातून गेलं, आले हो. घरात कोंदट वास होता. सोबत सोबत म्हणून आम्ही जाण्यासाठी शोधत राहिलो. जाताना ती लागतेच असं नाही. खरी लागते ती घरी परत आल्यावर, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी पाय धुतले. रिकामा तांब्या घासून फळीवर ठेवला. अप्पांची खुर्ची खिडकीशी होती तशीच होती, तिच्यासमोर जमिनीवर बसले. मग म्हटलं, "अप्पा, इतकं गार असतं ते, की आधी हात भाजल्यासारखाच वाटतो."