तीन नंबरचा कागद

लोगो करायचा ठरला तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या मीच वाजवल्या होत्या. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणायचं, हिला पहिल्यापासून खोडाच घालायचा होता.

आमचा एक दिवाळी अंक आहे. नाव सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही. आम्ही पाच जण नोकऱ्या-घरं सांभाळून तो काढायचो. संपादक माझा कॉलेजपासूनचा मित्र, ठाकूरद्वारचा. त्याच्याच घरी बैठका व्हायच्या. बाकी मी, एक शाळेतल्या बाई, एक वकील आणि एक निवृत्त हेडक्लार्क. अंकाचं नाव दर वर्षी वेगळ्या अक्षरांत छापलं जायचं; त्या वर्षी जो डीटीपीवाला मिळेल त्याची मर्जी. जुने वाचकसुद्धा स्टॉलवर अंक उलटासुलटा करून विचारायचे, "हाच का तो?" म्हणून यंदा कायमचा लोगो करायचा ठरला.

मित्र लगेच म्हणाला, "अगं, बाहेर कशाला जायचं? काका आहेत ना!"

काका म्हणजे माझे बाबा. आजोबा गिरणीत होते, पण बाबांनी हातात ब्रश धरला. लालबाग-परळच्या निम्म्या दुकानांचे बोर्ड त्यांच्या हातचे. मंडळांचे कापडी बॅनर, डॉक्टरांच्या पाट्या, सगळं. मग फ्लेक्स आला आणि रात्रीत कामं थांबली. बाबांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतले, पुसले, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि डबा माळ्यावर टाकला. पुढे त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात.

हे मी मित्राला सांगितलं. तरी तो रविवारी लालबागला घरी आला, आईच्या हातचे घावणे खाल्ले, एक नाही चार, आणि बाबांना म्हणाला, "काका, तुमच्याच हातचं नाव पाहिजे. शब्द देतो, तुमचंच घेणार." संध्याकाळी स्टूल घेऊन बाबांनी माळ्यावरचा डबा स्वतः उतरवला. मला हात लावू दिला नाही.

तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. डाव्या हातात काठी आडवी धरायची, तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं आणि ब्रश ओढायचा. सकाळी सात ते नऊ हात जरा थाऱ्यावर असतो, म्हणून काम तेवढ्याच वेळात. मग तो कागद गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लावायचा आणि शेजारी जुने दिवाळी अंक एकावर एक चढवून लटकवायचे. कारण स्टॉलवर अंक असेच असतात. पुढच्याने मागच्याचं अंग झाकलेलं, वरची चार बोटं काय ती दिसतात. "त्या चार बोटांत नाव ओळखू आलं पाहिजे," बाबा म्हणायचे. मला खाली पाठवायचे, समोरच्या फूटपाथवर. मी तिथून वर बघायचे आणि ओरडायचे, "झकास!" सगळी चाळ हसायची. बाबासुद्धा हसायचे. कित्येक वर्षांनी त्यांना कुणीतरी काम दिलं होतं, दुसरं काय!

बैठकीच्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. कागदाची गुंडाळी टॅक्सीत मांडीवर आडवी धरून बसले होते.

ठाकूरद्वारला पोचलो तर भिंतीवर आधीच दोन कागद लावलेले. एक नंबर, दोन नंबर. मित्राने लोअर परळच्या कुठल्याशा स्टुडिओतून करून आणले होते, ओळखीत. मला पत्ताच नाही! मी त्याला दारातच धरलं. "हे काय रे?" तर हळूच म्हणाला, "अगं, फॉर्मॅलिटी. चार पर्याय बघितले असं दिसायला नको का? घेणार आपण काकांचंच." चार कुठले, तीनच होते. बाबांच्या कागदाला तीन नंबर मिळाला.

मग म्हणाला, हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकू. कुणाला वाईट वाटायला नको. आमच्या संपादक मंडळाची ही जुनी खोड. लेख नाकारायचा असो की फराळाला काय मागवायचं असो, तोंडावर कुणी काही बोलणार नाही, चिठ्ठी टाकणार. पाच जणांनी पाच चिठ्ठ्या लिहिल्या, लाडवाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. बाबा मंडळात नव्हते. ते खुर्चीत हात मांडीखाली दाबून बसले होते, कंप दिसू नये म्हणून.

मित्राने चिठ्ठ्या उलगडल्या आणि मोठ्याने वाचल्या. दोन नंबर. दोन नंबर. एक नंबर. दोन नंबर. शेवटची त्याने दोनदा बघितली. दोन नंबर.

तीन नंबरला एकही मत नव्हतं. एकही! शाळेतल्या बाईंनी पंख्याकडे बघितलं, वकिलांनी मोबाइल काढला. बाबा उठले, भिंतीजवळ गेले, चष्मा वर करून दोन नंबरचा कागद बघितला आणि म्हणाले, "चांगला आहे. लांबून ओळखू येईल." आपला कागद त्यांनी भिंतीवरून काढलासुद्धा नाही. मीच काढला आणि गुंडाळला.

माझं जे डोकं सटकलं ते सटकलंच. केसाने गळा कापला त्याने. घरी येऊन, आईच्या हातचं खाऊन, म्हाताऱ्या माणसाला आशेला लावून, पाच जणांसमोर बसवून तोंडघशी पाडायचं? मी ग्रुपमधून बाहेर पडले. मंडळाचा राजीनामा त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला, तोही लांबलचक. त्याचा फोन आला तेव्हा एकदाच उचलला.

"अगं, ऐक तरी," तो म्हणाला, "मी एक नंबरला दिलं. म्हटलं, काकांना तुम्ही चौघं देणारच. माझ्या एका मताने काय होतंय? स्टुडिओवाला ओळखीचा, त्याला अगदीच शून्य सांगायचं बरं दिसत नाही."

"वा रे वा! म्हणजे शून्य माझ्या बापाने घ्यायचं?" मी म्हटलं आणि फोन कापला. पुढे कित्येक महिने जो भेटेल त्याला ही गोष्ट ऐकवली. आईला, शेजारणीला, ऑफिसातल्या बाईला, एका साखरपुड्यात तर चक्क त्याच्या मावशीला. बाबा समोर असले तरी मी ऐकवायचे. ते पेपर वाचत बसायचे.

दिवाळीच्या तोंडावर बाबा म्हणाले, दादरला जाऊ, अंक लागले असतील. मी नको नको म्हणत होते. पण ते चप्पल घालून तयार. स्टॉलच्या समोरच्या फूटपाथवर आम्ही उभे राहिलो. दोरीवर पंचवीस-तीस अंक लटकत होते, एकावर एक, आणि त्यांत आमचा. वरची चार बोटं दिसत होती आणि नाव ठणठणीत ओळखू येत होतं.

"बघा, बघा कसा मिरवतोय," मी सुरू झाले. "आपल्या घरात बसून शब्द दिला होता त्याने. असला दगाबाज माणूस मी—"

बाबा एरवी माझ्याशी साधं मुंबईचं मराठी बोलतात. मालवणी फक्त हळवे झाले की. माझ्याकडे न बघता, दोरीकडे बघत ते म्हणाले, "चिठ्यो पाच होत्यो गो, बाय."

पाचवी चिठ्ठी माझी होती. मी दोन नंबर लिहिला होता. खालच्या फूटपाथवरून मला रोज दिसायचं, बाबांच्या शेवटच्या अक्षराच्या वळणाला कंप आलाय, रेघ दोनदा थरथरलीय. तरी मी "झकास" म्हणून ओरडायचे. आणि चिठ्ठी लिहिताना म्हटलं, बाकीचे चौघं देणारच आहेत, माझ्या एका मताने काय होतंय. ते बाबांना त्याच खोलीत, आकडे वाचले जातानाच कळलं होतं. आणि इतके महिने ते माझा थयथयाट ऐकत समोर बसले होते.

"बाबा, ते शेवटचं अक्षर..." मी कसंबसं म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मला जवळून दिसत नव्हतं, म्हणून तर तुला खाली पाठवायचो. तेव्हाच सांगायचंस गो. परत काढलं असतं मी."