कुंताच्या अंगावरचं जाळं

मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. सावली गावाजवळच्या एका तळ्याकाठी धिवरांची, मासे धरणाऱ्यांची वस्ती होती. तिथं बाळंतिणीच्या दारावर जुनं जाळं टांगायची रीत होती, कारण बाळंतिणीला धरणाऱ्या आसरा, पाण्यातल्या देवता, जाळ्याला भितात. कुंता बाळंत झाली तेव्हा तिचा नवरा इस्तारी मासेमारीत अडकला होता, आणि जाळं टांगायचं राहून गेलं.

मुलगी झाली. पण कुंता भिंतीकडे तोंड करून पडून राही, पोरीला जवळ घेईना. "छातीवर दगड ठेवल्यावानी लागते," तिनं इस्तारीला सांगितलं. "पोरगी रडली का मले पळून जावंसं वाटते." बिचारीनं मन मोकळं केलं आणि तिथंच फसली. घाबरलेला इस्तारी आईकडे धावला, सोनीबाईनं वस्ती गोळा केली, आणि ज्याला त्याला ते न टांगलेलं जाळं आठवलं. कुंताला आसरानं धरलं होतं!

पोरगी दूध पाजायला जाऊबाईकडे, प्रेमिलाकडे दिली. कुंताला जाळ्यात गुंडाळून अंगणातल्या खांबाला बांधलं. जाळं इस्तारीनंच विणलेलं होतं. त्याची गाठ सुटत नाही, असं वस्तीत कौतुकानं म्हणत.

अंगातलं भूत उतरवणारा वारलू जाणता धूप घेऊन आला. "बोल, कोन होस तू?"

"मी कुंता होय, भाऊ."

"लबाड हाये," वारलू लोकांना म्हणाला. "कुंताचा आवाज काढून राह्यली."

रोज हेच. ती रडली तर आसरा रडते, गप्प बसली तर आसरा दडून बसली. एवढ्या शहाण्या माणसांपुढे तिनं करावं तरी काय!

एका दुपारी प्रेमिलाच्या घरात पोरगी रडायला लागली. कुंताचं लुगडं दुधानं भिजलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला पोर हवीशी वाटली. "आत्याबाई, माही पोरगी द्या ना मले!"

सोनीबाई मागं सरकली. "आई गे! आसरा लेकरू मांगून राह्यली!"

तेव्हा कुंतानं हात टेकले. तिनं डोळे मिटले, आवाज जाड केला. "मी आसरा होय. हिरवं लुगडं, बांगड्या तळ्यात सोडा. मी हिले सोडून जातो."

वस्तीत आनंदीआनंद झाला. तिचं माहेरचं हिरवं लुगडं तळ्यात गेलं. इस्तारीनं डोळे पुसत एकेक गाठ सोडवली. प्रेमिलानं पोर आणून मांडीवर दिली. पोर घटाघटा पिऊ लागली, तिच्या इवल्या मुठीकडे बघून कुंताला भडभडून आलं. पण छातीवरचा दगड काही हलला नाही. पुन्हा तेच वाटू लागलं, पळून जावं.

"आता कसं वाटते?" इस्तारीनं विचारलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"बरं वाटते," कुंता म्हणाली.

इस्तारीनं तेच जाळं उचलून दारावर टांगलं आणि मायेनं तिच्या जवळ येऊन बसला.

"पुन्हा असं काई वाटलं तं लपवजो नोको. लगेच मले सांगजो."

जाळ्याकडे बघत कुंतानं मान हलवली.